विहिरीचा ठराव

सर, काल तुमच्या कॉलेजात पाहुणी म्हणून जाऊन आले. नेतृत्व विकास शिबिर होतं, शाल-नारळ होता, आणि बोर्डावर माझ्या नावापुढे चक्क 'सरपंच' लिहिलं होतं. तुम्ही असता तर मागच्या बाकावर बसून मिश्यांत हसला असता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमची खोली अजून तशीच आहे, पंखा तसाच खडखडतो.

त्या खोलीत दर शनिवारी तुम्ही राज्यशास्त्राचं पुस्तक मिटायला लावायचात आणि वर्गाची ग्रामसभा भरवायचात. कोण कोण होणार हे चिठ्ठीवर. मी शिंदखेड्याकडच्या बागायतदाराची लाडकी लेक, आणि मला चिठ्ठी आली वस्तीवरच्या बाईची, जिच्या घरात प्यायला पाणी नाही. मी आपली पदर डोळ्याला लावून अशी रडले की मैत्रिणी टाळ्या वाजवायला लागल्या. तुम्ही भडकलात. "मी काय नाटकाचा मास्तर आहे? ती बाई पाणी मागायला आलीय, दया मागायला नाही. बस खाली, आणि पुन्हा बोल." अस्सा राग आला होता तुमचा! पुढच्या शनिवारी मला अध्यक्ष केलंत. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मी निकाल देऊन मोकळी. तुम्ही मागून ओरडलात, "खुर्चीत बसलीस ना? मग तोंड सगळ्यांत शेवटी उघडायचं." बीए करून काय दिवे लावणार, असं तेव्हा सगळा गाव विचारायचा. मलाही उत्तर माहीत नव्हतं.

यंदा एप्रिलातच गावची विहीर आटली. टँकरचं नुसतं आज येतो, उद्या येतो. पाणी उरलं होतं एकाच विहिरीत, आमच्या, आणि ते चाललं होतं आमच्या पपईला. ती विहीर उन्हाळ्यापुरती गावासाठी घ्यावी, असा ठराव करून तहसीलला पाठवायचा होता. ग्रामसभेत मी अध्यक्ष, समोर पहिल्या रांगेत माझे सासरे, आबा. आधी वस्तीवरची एक बाई उठते. रडत नाही, हात जोडत नाही. म्हणते, "अक्का, आमी तुमनी पपई नई मांगतस. पेवापुरतं पानी द्या." लगेच आबा उठतात. "मनी इहीर, मनी पपई. आनि ठराव कोन मांडस? मनाच घरनी सून!" सगळी सभा माझ्या तोंडाकडे बघते. माझं भाषण तयार होतं, सर, चांगलं झणझणीत. ते गिळलं. म्हटलं, "आबा, बागेला पाणी किती लागतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. सगळ्यांना सांगा." ते सांगू लागले. आधी तावातावाने, मग हळू. बाई विचारत होती, ते उत्तर देत होते, आणि मधे कुणी बोललं की मी त्याला गप्प करत होते. शेवटी आबाच पुटपुटले, "अर्धा बाग सोडना पडी मंग." मग मी तोंड उघडलं आणि म्हटलं, हात वर करा. सकाळचं पाणी गावाला, दुपारनंतरचं राहिलेल्या बागेला. ठराव झाला. आबांचा हात वर गेला नाही. तेव्हापासून ते मला बेटा म्हणत नाहीत, सरपंच म्हणतात, आणि ते फार लागतं मला.

काल हे सगळं पोरांना सांगितलं. एकाने विचारलं, "मॅडम, आर्ट्स करून खरंच लीडर होता येतं?" मी म्हटलं, "अरे बाबा, पंप बसवायला इंजिनिअर लागतो, माझा त्याला नमस्कार. पण पाणी आधी कुणाला, हे भांडण ऐकून घ्यायला मी याच खोलीत शिकले." टाळ्या पडल्या. मी खोटं बोलले नाही. कुणी पुन्हा विचारलं तरी हेच सांगेन, छातीवर हात ठेवून. आता तर माझी पोरगीही बीए करते, धुळ्याला, आणि घरात कुणाची तिला नावं ठेवायची टाप नाही.

फक्त एक गोष्ट व्यासपीठावर सांगितली नाही. हे पत्र काही मी कुठे टाकणार नाही, म्हणून इथे लिहिते. ती बाग माझीही होती. पोरीचं धुळ्याचं शिक्षण त्या पपईवरच चाललंय. मी हात वर करा म्हणाले ना, तेव्हा मनातून मला वाटत होतं की हात कमी पडावेत. देवाशपथ वाटत होतं. मोजताना मात्र एकही सोडला नाही, सर.