माळावरून परतताना

आबा,

काल गावी जाऊन आलो. माळावर गेलो होतो, गिधाडांच्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज तुम्हाला लिहायला बसलोय, तेही इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर. तुमची सून दोनदा डोकावून गेली. "एवढं कुणाला लिहिताय?" म्हणाली. मी म्हटलं, ऑफिसला अर्ज करायचाय. बघा, सुरुवातच खोटं बोलून झाली. तुमच्यासमोर मला कधी धड खोटं बोलता आलं नाही, पण खरं लपवायला मात्र छान जमलं. ते आज सांगतो. मध्येच थांबलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहितोय.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आपली म्हातारी गाय गेली होती, ते आठवतं तुम्हाला? मला त्या दिवसाचं सगळं आठवतं. तुम्ही तिच्या गळ्यातली घंटा काढली, कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि विळ्याने वेसण कापली. "आता कुणाची सत्ता नाय तुझ्यावर," म्हणालात. ज्याचं जनावर त्यानेच ओढायचं, कातडं कुणाला काढू द्यायचं नाही, माळावर ठेवायचं, हात जोडायचे आणि परत फिरायचं. मागे वळून पाहायचं नाही. दिलेल्या वस्तूकडे पुन्हा बघितलं तर जीव अडकतो, मग ती दिली असं होत नाही, असं तुम्ही सांगायचात. आणि पाखरं उतरल्याशिवाय घरात चूल पेटायची नाही. आई ओट्यावर बसून आभाळाकडे बघत होती, आम्ही भावंडं भुकेने कासावीस. दुपार कलताना कड्यावरून पहिलं गिधाड सुटलं, मग दुसरं, मग मोजता येईनात इतकी. आई उठली आणि तिने चूल पेटवली. मी नाक दाबून म्हणालो, "ई, घाण पाखरं!" तेव्हा तुम्ही माझा कान असा पिळलात की दोन दिवस दुखत होता. "घाण कुणाला म्हनतो रं? ज्याला रामानं मांडीवर घेतलं त्याला? हिथं टाकेदला पडला जटायू. सोताच्या बापासारखं पानी दिलं रामानं त्याला. ही त्याचीच लेकरं. ही हायेत म्हनून आपला माळ चोख हाय, नायतर रोगराईनं मेलो असतो समदे." मी रडत होतो आणि तुम्ही बोलतच होतात. तो माझा पहिला धडा, आबा. कॉलेजात नंतर जे शिकलो ते त्याच्याहून फार वेगळं नव्हतं.

मला गुरांच्या दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा तुम्ही घोटीच्या बाजारात चांभाराकडून माझ्यासाठी चामड्याची बॅग शिवून घेतलीत. सुया, बाटल्या, पट्ट्या, सगळ्याला वेगळा कप्पा. चांभाराला तुम्ही तीन वेळा उसवायला लावलं, असं त्यानेच मला सांगितलं. बॅग माझ्या खांद्याला लावताना म्हणालात, "ह्यात मुक्या जनावराचा जीव हाय, सांभाळून." मग गावभर मिरवलंत मला. पारावर बसलेल्या प्रत्येकाला "आमचा डाक्टर आला" म्हणून सांगायचात. मी म्हणायचो, आबा, मी डॉक्टर नाही, हाताखालचा माणूस आहे. तुम्ही म्हणायचात, "बैलाला काय ठावं कोन हाताखालचा ते."

आता तांबड्याचं सांगतो. तांबडा बैल आठवत नाही असं तुम्ही म्हणूच शकत नाही. चौदा-पंधरा वर्षं तुमच्या औतात चालला. म्हातारपणी मागचा पाय सुजला, उठेना. मी सुट्टी टाकून आलो. तेव्हा दुखण्यावरची एक नवी सुई आली होती, डायक्लोफेनॅक. अहो, जादू होती ती! लंगडी गाय तासाभरात उभी राहायची आणि मालक मला देव समजायचे. मी तांबड्याला ती दिली, लागोपाठ दोन दिवस. दुसऱ्या संध्याकाळी तो उठला आणि तुमच्या हातचा मूठभर ओला चारा त्याने खाल्ला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तसं तुम्ही माझ्याकडे ना त्याआधी कधी बघितलं, ना नंतर. पहाटे तो गेला. वय झालं होतं, जाणारच होता.

रीत सगळी झाली. घुंगरमाळ काढली, वेसण कापली. माळावर ठेवून आपण दोघं परत फिरलो. बाभळीपाशी आल्यावर तुम्ही थांबलात आणि वळून पाहिलंत. डोळे भरून आले होते तुमचे. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तुम्हीही पाहिलंत. दुपारी पाखरं उतरली, आईने चूल पेटवली, भात झाला.

चौथ्या दिवशी गुराखी सांगत आला की पाखरं झाडावर माना टाकून बसलीत, हुसकावली तरी उडत नाहीत. तुम्ही तांब्याभर पाणी घेऊन धावलात, मी मागोमाग. आंब्याखाली एक पडलं होतं. तुम्ही मांडी घालून बसलात, ते एवढं मोठं धूड मांडीवर घेतलंत आणि त्याच्या चोचीत पाणी सोडलंत. पाणी बाजूने गळून गेलं. तरी सोडत राहिलात. मग लाकडं गोळा केलीत आणि त्याला अग्नी दिलात, माणसाला देतात तसा. दुसऱ्या दिवशी आणखी, तिसऱ्या दिवशी आणखी. मी सुट्टी वाढवून लाकडं वाहिली. शेवटच्या चितेपाशी तुम्ही मला म्हणालात, "मी मागं पाह्यलं रं. दिलं आन् मागं पाह्यलं. माझा जीव त्या बैलात अडकला, त्यो ह्यांच्या पोटात गेला." मी म्हणालो, असं काही नसतं आबा, रोग आला असेल. खरंच मला तसं वाटलं होतं तेव्हा. त्या वेळेपुरता मी निर्दोष होतो, एवढंच म्हणता येईल.

त्यानंतर तुम्ही बैल पाळले नाहीत. पोळ्याला पुरणपोळी खाल्ली नाहीत. आई चिडायची, "पाखरं मेली त्यात पोळीनं काय घोडं मारलं?" तुम्ही हसायचात पण हात लावायचा नाहीत. दर वर्षी अनवाणी टाकेदला जाऊन यायचात. पितृपक्षात माळावर पान मांडून दिवसभर बसायचात. कावळे येऊन पान साफ करायचे आणि तुम्ही घरी येऊन म्हणायचात, "कावळ्यांनी खाल्लं. ज्येंचं व्हतं ते आलेच नाय." कड्यावरचे त्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन गेले. मेलेली गुरं माळावर कुजायला लागली, कुत्री माजली, आणि मग लोकांनी माळावर गुरं न्यायचंच सोडलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी आमचं एक प्रशिक्षण झालं. दुपारच्या जेवणानंतरचा तास, अर्धे लोक पेंगत होते. पडद्यावर मान टाकून बसलेल्या गिधाडाचा फोटो आला आणि मी ताठ बसलो. सांगणारा तरुण होता, भराभर बोलत होता. डायक्लोफेनॅकची सुई घेतलेलं जनावर एक-दोन दिवसांत मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं, तर त्यांच्या किडन्या जातात, म्हणून सरकारने ती गुरांसाठी बंद केली आहे, असं तो म्हणाला. कुणीतरी विचारलं, चहा कधी आहे. मला तांबडा आठवला. आणि एकटा तांबडा का म्हणू? त्या काळात दहा गावांत माझी बॅग फिरत होती. माझ्या हातून ती सुई घेतलेली किती गुरं कुठल्या कुठल्या माळावर गेली असतील, देव जाणे.

त्याच आठवड्यात मी एसटीने गावी आलो, तुम्हाला सांगायला. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. आलो तर तुम्ही गोठ्यात, रिकाम्या गोठ्यात, माझी जुनी बॅग घेऊन बसलेले. पट्टा उसवला म्हणून मी ती गावच्या घरी टाकून गेलो होतो. तुम्ही दाभणाने तो शिवत होतात, डोळ्याला नीट दिसत नव्हतं म्हणून बोटाला दोनदा टोचून घेतलं होतं. "तू फेकून देशील म्हनून घेतली शिवायला," म्हणालात. "लय जनावरं वाचिवली हिनं." काय सांगणार होतो मी? चहा प्यायलो, बॅग खांद्याला लावली आणि परत आलो. तुमचं मन मोडू नये म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत आलो. साफ खोटं. तुमच्या नजरेतला डॉक्टर मला हवा होता, म्हणून मी तोंडात गुळणी धरून बसलो.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "ती पाखरं आली तर मला सांग. म्हंजे माफ केलं." मी म्हणालो, "आबा, तुमचं काही चुकलं नव्हतं." तुम्ही मान हलवलीत. "तू व्हतास की तिथं. मला वळताना पाह्यलंस तू." एक वाक्य, आबा. एकच वाक्य बोलायचं होतं मला. आई दारात उभी होती, सलाईन संपत आलं होतं, मी उठून ते बदलायला गेलो. तुम्ही चार दिवसांनी गेलात.

आता कालचं. सकाळी पुतण्याचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "काका, कड्यावर दोन गिधाडं बसलीत! आन् काल आपली म्हातारी गाय गेली. आबांची रीत करतो, माळावर नेतो. तुम्ही या ना." मी उठून उभाच राहिलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पहिला विचार तुमचाच आला, की सांगू कुणाला. मग तोंडातून दुसरंच गेलं. "शेवटी काही टोचलं होतं का तिला?" "व्हय, पाय धरले होते ना. मेडिकलमधून आनली डायक्लोची बाटली, मानसांचीच हाय पन चालती म्हनले." "हलवू नको तिला," म्हणालो. "मी येतो."

गेलो तर वेसण कापून झाली होती, कपाळाला कुंकू होतं. मी म्हटलं, खड्डा खणायचा, खोल, वर मीठ टाकायचं, हिला पुरायचं. पुतण्या रागावला. "काका, इतक्या वर्सांनी ती आलीत, आन् आपन त्येंच्या तोंडातला घास काढायचा? आबा असते तर?" मी त्याला सुईचं सगळं समजावून सांगितलं. बिचारा खाली बसला. मग दोघांनी माळाच्या कडेला खड्डा खणला. माझ्या वयाला झेपत नव्हतं, पण फावडं मी त्याला देईना. ती दोघं वर घिरट्या घालत होती, आबा. पंखही न हलवता. पुष्कळ वेळ होती. शेवटची माती पडली तशी कड्यापलीकडे निघून गेली, उपाशीच.

परतताना पुतण्याने विचारलं, "काका, हे तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणालो, "ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं." कालसुद्धा एवढंच म्हणालो. पुतण्याच्या घरी भिंतीवर तुमच्या फोटोशेजारी, तुम्ही गेल्यावर मीच ठेवून आलेली ती बॅग अजून लटकवलेली आहे, आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवतो.

हे पत्र त्याच बॅगेत ठेवावं असं लिहिताना वाटत होतं. पण ठेवणार नाही. तो कधीतरी उघडेल, आणि ती माझी हिंमत नाही.

ती आली तर सांग म्हणाला होतात, म्हणून सांगतो. दोन आली होती. आणि बाभळीपाशी आल्यावर मी थांबलो, मुद्दाम मागे वळलो आणि चांगलं डोळे भरून पाहिलं. मागे पाहिल्याने काही होत नाही, आबा. पाखरं मेली, ते मी केलं होतं.