दारावरचा कागद

प्रिय ताई,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे. मास्तरीण झालीस तरी अक्षर काही सुधारलं नाही, असं तू म्हणायचीसच.

आपल्या वरच्या खोलीच्या दारावरचा कागद आठवतो? पसारा किती करायचा, दिवा कधी मालवायचा, हे आपण दोघींनी ठरवायचं. बाहेरचं कुलूप, छप्पर आणि शेजाऱ्यांशी भांडणं बाबांकडे. खाली तिघांच्या सह्या. बाबा स्वतःच्याच घरात दार वाजवून थांबायचे, आणि तू मुद्दाम उशिरा उघडायचीस.

राजधानीशी करार करून आपला प्रांत स्वायत्त कसा झाला, हे चौथीच्या मुलांना शिकवताना मी तसाच कागद वर्गाच्या दारावर लावला. शाळा म्हणजे देश, आपला वर्ग म्हणजे प्रांत. घंटा, फाटक, सुट्ट्या हेडसरांच्या हाती. कोण कुठे बसेल, खिडकी कधी उघडायची, हे मुलांच्या. आणि न विचारता कोणी आत यायचं नाही. मुलांच्या वतीने मी सही केली, हेडसरांनीही हसत हसत ठोकली. पहिल्या बाकावरच्या एकीने विचारलं, सरांनी एकट्यानेच कागद काढून टाकला तर? दोघांनी सही केलेला कागद एकट्याला काढता येत नाही, असं मी सांगितलं. किती ठामपणे सांगितलं गं.

मंगळवारी राजधानीतून तपासणीला साहेब आले. थेट आत शिरत होते, तर तीच मुलगी उठून दारात उभी राहिली. म्हणाली, साहेब, आधी दार वाजवा, आमचं तसं ठरलंय. वर्ग खुदखुदला. मीही हसले, तिथेच चुकलं. साहेबांनी कागद सावकाश वाचला, चारही चिकटपट्ट्या सोडवल्या, घडी करून बॅगेत ठेवला. मग तिचं नाव विचारून लिहून घेतलं. ती सही आपली नव्हेच, असं हेडसरांनी लेखी दिलंय. मागच्या महिन्यात पलीकडच्या शाळेतल्या बाईंना चौकशीला बोलावलं होतं. त्यांच्या घराला अजून कुलूप आहे. ताई, मला फार भीती वाटतेय.

दारात उभी राहिली ती माझी चिमणी, हे तू ओळखलं असशीलच. उद्या दहाला मला बोलावलंय, लेकीला घेऊन. मी एकटीच जाणार आहे. तिला शेजारच्या काकांबरोबर तुझ्याकडे पाठवतेय, हे पत्र तिच्याच दप्तरात आहे. सुट्टीला मावशीकडे चाललीस, एवढंच तिला सांगितलंय. माझं चुकलं का, असं तिने विचारलं तर नाही म्हण. ती दार वाजवेल आणि बाहेरच थांबून राहील. उघडायला उशीर लावू नकोस.

तुझीच,
धाकटी