अक्काचं कोपर आणि पहिला नंबर

तीर्थरूप अक्कास (आणि तुझ्या गुडघ्यांस, कारण घरात सध्या त्यांचंच चालतं असं ऐकतो),

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? भावोजींना नवा चष्मा मानवला का, की अजून जुना लावून नवा शोधतात? सूनबाई, नातवंडं आणि शेजारच्या मास्तरीणबाई यांना माझी आठवण सांग. मी ठणठणीत आहे. दुकानात मात्र शुकशुकाट आहे.

आज अठ्ठावीस तारीख. तू मला फोनवर कशात अडकवलंस ते माझ्या पक्कं लक्षात आहे: या महिन्यात सर्चवरून एक तरी नवं गिऱ्हाईक आलं तर दुकान चालू, नाहीतर कुलूप लावून कायमचं तुमच्याकडे राहायला यायचं. (मागची खोली रंगवून घेतल्याचं भावोजींच्या तोंडून निसटलं. निकाल लागायच्या आधीच रंग? हे काही बरोबर नाही, अक्का.)

तुला तो दिवस आठवतो का? तुम्ही तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे राहायचात. तुझ्या शिलाई मशीनचा पट्टा तुटला म्हणून तू ते घेऊन दुकानात आलीस, आणि बरोबर भाचा, कॉलेजात जाणारा, जगाला कंटाळलेला. पट्टा बसेपर्यंत त्याने माझ्या बाकावर बसून माझी वेबसाइट करून टाकली. फोटो हवा म्हणून तुझ्याच मशीनचा काढला, आणि डाव्या बाजूने त्यात तुझं कोपर आलं. पिठाचा डाग असलेलं. 'अरे, नीट काढ,' म्हणून तू ओरडलीस, तो 'राहू दे गं' म्हणाला, आणि कोपर आजतागायत तिथे आहे.

काय साधं होतं सर्चचं पान तेव्हा! पांढरंशुभ्र, वर एक चौकट, खाली दहा निळ्या ओळी. 'शिलाई मशीन दुरुस्ती' लिहिलं की पहिली ओळ आपली. कुणाची ओळख लागत नव्हती की कुणाच्या पाया पडावं लागत नव्हतं. लोक रुमालात मशीनचं अडकलेलं शटल बांधून यायचे आणि म्हणायचे, 'तुम्ही पहिले दिसलात.' मी ताठ बसायचो. शाळेत माझा नंबर कितवा यायचा ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही (प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तूच करायचीस), त्यामुळे वयाच्या पन्नाशीत पहिला नंबर म्हणजे काय असतं ते तुला वेगळं सांगायला नको. ते दिवस फार आठवतात गं.

मग वर एक जाहिरात आली. एकच होती, पिवळ्या चौकटीत, अंग चोरून बसलेली. मी म्हटलं बसू दे, पाहुणी आहे. पुढच्या वर्षी ती तीन बहिणींना घेऊन आली आणि पिवळी चौकट काढून आमच्यासारखेच कपडे घालून बसली. मग नकाशा आला. मग चित्रं. मग 'लोक हेही विचारतात' म्हणून प्रश्नांची उतरंड. आणि जाहिराती कसल्या, तर नव्या मशीनच्या! म्हणजे नवऱ्याला ताप आला म्हणून बाईने डॉक्टरचा पत्ता विचारावा, आणि समोर चार नवे नवरे हजर. आता तर सगळ्यांच्या वर यंत्रच स्वतः उत्तर देतं: टाका सुटत असेल तर आधी सुई बदला, मग शटलखालचा धाग्याचा गुंता काढा, आणि मशीनशी भांडू नका. 'मशीनशी भांडू नका' हे माझं वाक्य आहे, अक्का! माझ्याच पानावरून उचललंय. माणसं ते वाचतात, सुई बदलतात आणि झोपतात. मी कुठे? अंगठा दुखेपर्यंत खाली सरकलात तर आहे.

तुझी अट ऐकल्यावर मी एक गोष्ट केली, जी तुला सांगितली नव्हती. मीही जाहिरात दिली. दुसऱ्याच दिवशी पहिला नंबर! वर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं, पण ते बघतो कोण (मी बघितलं, आणि शाळेत कॉपी करून पास झाल्यासारखं वाटलं). फोनवर रोज आकडा यायचा: आज सात जणांनी जाहिरात दाबली, आज आठ जणांनी. मी दुकान झाडलं, दोन स्टुलं आणली, भिंतीवरची सुयांची पाटी पुसली, रोज दाढी करायला लागलो. सात-आठ जण दाबताहेत म्हणजे एक तरी येणारच. कुणी आलं नाही. तीन आठवडे मी गुळगुळीत गालांनी रस्त्याकडे बघत बसलो.

शेवटी जाहिरातवाल्यांना फोन केला. एक मुलगी बोलली, फार गोड. म्हणाली, 'काका, दर क्लिकला पैसे कापले जातात, आणि तुमच्या जाहिरातीचा रोजचा कोटा सकाळी सातलाच संपतो. मग ती दिवसभर दिसत नाही. सगळे क्लिक साडेसहा ते सातच्या मधे येतात, आणि एकाच गावातून.' मी गावाचं नाव विचारलं. तिने सांगितलं.

अक्का, साडेसहा ते सात ही तुमची चहाची वेळ.

माझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. तू सकाळी सर्चवर मला शोधून माझं पान उघडतेस, 'धाकटा परत पहिला आला' म्हणून भावोजींना दाखवतेस, ते खात्री करायला आपल्या फोनवर दाबतात, सूनबाई दाबतात, नातवंडं दाबतात, आणि मास्तरीणबाई भिंतीपलीकडून दाबतात. अख्खं घर मायेने दाबतं, आणि दहा वाजता मी दुकान उघडतो तेव्हा मी जगातून नाहीसा झालेला असतो. तू हे मुद्दाम केलंस असं माझं म्हणणं नाही. खोलीच्या रंगाबद्दल तेवढं मनात आलं होतं, पण ते मी गिळलं.

बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझाच,
धाकटा

ता. क. खरी विनंती ही: मला आणखी एक महिना दे. आणि त्या महिन्यात कुणीही जाहिरात दाबायची नाही. लांबून बघा. भावोजींचा फोन सकाळी लपवून ठेव.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आत्ता एक बाई पदराआड मशीनचं डोकं धरून आल्या. शटल अडकलंय. सर्चवरून आल्या! मी म्हटलं, जाहिरात तर आज सातलाच संपली असणार. त्या म्हणाल्या, 'जाहिरात कुठली? बस येईना म्हणून मी फोनवर खाली खाली बघत गेले. वर सगळी चकाचक मशिनं, माणूस एकही नाही. तुमच्याकडे कुणाचं तरी पिठाचं कोपर दिसलं, म्हटलं हे मशीन रोज चालणारं आहे.' तेव्हा पैज मी जिंकलो, तीही तुझ्या कोपरावर. भाचा फोटो बदलून चांगला टाकतो म्हणत होता ना, त्याला सांग, खबरदार!

एक कबूल करतो. परवा मी बॅग भरली होती. वर तेलाची कुपी ठेवली होती, कारण तुझं पायडल कुरकुरतंय ते फोनवर ऐकू येतं. आता बॅग उपसतो, कुपी तेवढी ठेवतो आणि पुढच्या रविवारी दोन दिवस येऊन जातो. मागच्या खोलीतच झोपेन.

जाहिरात मी बंद केलीय. त्यामुळे उद्यापासून चहाच्या वेळी मला बघायचं असेल तर खाली उतरावं लागेल, गुडघे सांभाळून: जाहिराती सोड, यंत्राचं उत्तर सोड, नकाशा, चित्रं, प्रश्न, सगळं ओलांड. तुझं कोपर दिसलं की थांब. मी तिथेच आहे.