बाबा कुठे उभे राहतात

दि. ३ मार्च

ती. दादास, ठमीचा सा. न. वि. वि.

तुझ्या पंचांच्या वर्गातले विद्यार्थी अजून तुला टरकतात का? इथे आम्ही बाबांना टरकून आहोत. काल बेसबॉलच्या सामन्यात पंच म्हणून त्यांनी पुन्हा घोळ घातला. शेवटचा धावपटू तिसऱ्या बेसवरून धाव पुरी करायला घसरत होम प्लेटला आला आणि कॅचरने चेंडू धरलेला हातमोजा त्याच्या पायाकडे नेला. पाय आधी पोचला की मोजा आधी लागला, एवढाच प्रश्न. बाबांनी आउट दिलं. मी गुणलेखकाच्या टेबलावर होते. मोजा त्याला शिवलाही नाही, हे तिथून स्वच्छ दिसत होतं. बाबांसमोर मात्र कॅचरची अख्खी पाठ. घरी विचारलं तर म्हणाले, चाळीस वर्षं हेच करतोय, तू तुझे आकडे मांड.

महिन्यातली ही तिसरी चूक. आई म्हणते, वय झालं. शाळेची बस मात्र रोज वेळेवर चालवतात, पोरं खूश असतात. चार ओळी लिही, म्हणजे लोभ कळेल.

तुझी धाकटी,
ठमी

दि. ६ मार्च

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबांनीच मला शिकवलं की पंचाने नुसतं जवळ धावून उपयोग नाही. मोजा आणि पाय यांच्यामधली फट जिथून दिसेल तिथे जायचं. चेंडू कुठून येतो ते बघून बाजू बदलायची. असा माणूस कॅचरच्या पाठीमागे तीन-तीनदा अडकत नाही.

आठवून बघ, तिन्ही वेळा ते प्लेटच्या उजव्या अंगालाच गेले होते ना? डावीकडे गेले असते तर सगळा खेळ त्यांच्या उजव्या हाताला आला असता. ते नेमकं तेच टाळताहेत. ठमे, त्यांना उजव्या डोळ्याने दिसत नसावं. सामने गेले खड्ड्यात, बस थांबव. हे पत्र आजच्या आज त्यांच्या हातात दे. रागावले तर माझ्यावर ढकल. मला महिनाअखेरीशिवाय रजा नाही.

आईला नमस्कार. तुझ्यावरच्या लोभापोटी हे कडक लिहिलं.

तुझा,
दादा

दि. १४ मार्च

ती. दादास, सा. न.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तिन्ही वेळा उजवीकडेच. वाचताक्षणी पटलं. पण गुरुवारी मैदानावर बाबांचा सत्कार होणार होता. तेवढा होऊ दे, मग देऊ, असं म्हणून मी ते कपाटात ठेवलं.

बुधवारी सकाळी वळणावर बसची उजवी बाजू एका सायकलवाल्याला लागली. पोरांना खरचटलंही नाही. तो सुतार होता. काल दुपारी गेला.

बसमधल्या बाई पोलिसांना सांगत होत्या की सायकलच आडवी आली. बाबांनी त्यांना गप्प केलं आणि स्वतः लिहून दिलं: सहा महिन्यांपासून उजवा डोळा गेला आहे, मला माहीत होतं, नोकरी जाईल म्हणून बोललो नाही.

आज कोठडीत भेटले तेव्हा तुझं पत्र दिलं. त्यांनी ते डोळ्याजवळ धरून वाचलं आणि एवढंच विचारलं, कधी आलं. मी सोमवार म्हणाले. मग पत्र माझ्या हातात कोंबून म्हणाले, जाळून टाक, तुझं नाव यात नको.

जाळलेलं नाही. सुताराच्या बायकोचा पत्ता घेतला आहे. उद्या सकाळी तिला ते वाचून दाखवणार आहे. आईला या पत्राचं अजून सांगितलेलं नाही.

लोभ उरला असेल तर तो राहू दे.

ठमी