लिंबापाशी मंदावणारा दिवा

अण्णा, तुमच्या फटफटीच्या दिव्यामागचं वायरींचं जंजाळ मी काढून टाकलं. तुम्ही असतात तर पान एका गालात सरकवून माझ्या खांद्यावरून वाकला असतात आणि म्हणाला असतात, "कापलीस? दुसरं टोक कुठं जातंय ते बघितलंस का?" बघितलं, अण्णा. या वेळी एकेका वायरीला हातानं चाचपत शेवटपर्यंत गेलो. तुम्हाला हे सांगावं असं आठवडाभर मनात घोळत होतं. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मध्येच तुमच्याशी बोलायला लागायचो, म्हणून शेवटी कागद घेतला.

दुकान म्हणजे कळंबातलं. मोटार वाइंडिंगचं. तुम्ही गेलात तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळत होतो, आता माझ्याकडं कामाला असलेली माणसं ती गुंडाळतात आणि मी ऐकतो. खरंच नुसता ऐकतो. शेतकरी विहिरीवरून फोन करतो, मी म्हणतो, बोलू नका, फोन मोटारीजवळ धरा. बेअरिंग गेलंय का कॉइल जळायलीय ते इथूनच सांगतो. लोकांना जादू वाटते. मीही ती जादू आहे असंच त्यांना वाटू देतो, धंद्याला बरं असतं. पण हे कान कुठं तयार झाले ते मला ठाऊक आहे. आपल्या वस्तीवर, संध्याकाळी, तुमची वाट बघताना.

गाडी गोठ्याच्या आडोशाला होती, तुम्ही गेल्यावर पोती टाकून ठेवली तशीच. तिच्या दिव्याचा डूम, म्हणजे पुढची पत्र्याची वाटी, उघडला तर आत कुंभारमाशीचं मातीचं घर, आणि त्याच्या भोवती तुम्ही. दुसरं काय म्हणू? तुमचा कायदा असा की वायर तुटली तर तिच्या शेजारून नवी टाकायची, जुनी काढायची नाही. "असू दे, आपलं काय खातीय ती?" त्यामुळं आत पिढ्यान् पिढ्या नांदत होत्या. जोडांवर काळी टेप नाही, दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी. जिथं वायर पत्र्याला घासत होती तिथं सलाइनची नळी चढवलेली. आणि सगळा जुडगा आवळून बांधलेला, तो गायी-म्हशींना टाके घालायच्या दोऱ्यानं. गाठसुद्धा तीच, टाक्याची. मी पकड हातात घेऊन बसलोय आणि कापायला हात होत नाहीये. डूममधून डिंकाचा आणि जुन्या ऑइलचा वास येतोय, आणि मला वाटतंय की तुम्ही आता हात धुऊन याल.

वाशीच्या जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही ड्रेसर, मलमपट्टी करणारे. गावोगावचे लोक डॉक्टरच म्हणायचे, आणि खरे डॉक्टर समोर नसले की तुम्हीही ते फारसं नाकारायचा नाहीत. दहावीत असताना मला वाटलं होतं की तुमच्या गाडीचं मी भलं करावं. एक वायर नुसतीच लोंबत होती, ती मी उडवली. त्या संध्याकाळी तुम्ही अंधारातून आलात, एका उसाच्या ट्रॅक्टरच्या मागं मागं, त्याच्या उजेडात. मला वाटलं, आता बसतेय कानाखाली. तुम्ही गाडी लावली, टोपी झटकली आणि ते दुसऱ्या टोकाचं वाक्य बोललात, बस्स. पुढं कळंबला कामाला निघालो तेव्हा लाल मुठीची पकड माझ्या पिशवीत टाकलीत. म्हणालात, "आता दुसऱ्याच्या वायरी कापत जा."

त्या गाडीचा दिवा थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालायचा. बॅटरी होती ती हॉर्नपुरती, आणि बहुतेक वेळा मेलेली. इंजिन पळेल तेवढा उजेड. मूठ पिळली की दिवा भरून यायचा, सोडली की निखाऱ्यासारखा तांबडा व्हायचा. डांबरी रस्ता सोडून तुम्ही वस्तीच्या वाटेला लागलात की उजेड पहिल्यांदा वळणावरच्या लिंबावर पडायचा. माय चुलीपुढून उठून अंगणात यायची. लिंबावर उजेड भरून आला आणि तसाच वळला, तर ती आत येऊन तवा ठेवायची. पण कधी तो लिंबाच्या बुंध्यावर तांबडा पडायचा, जरा तिथंच रेंगाळायचा. मग माय तवा उतरवून पाणी तापत ठेवायची. म्हणायची, "गेलं वाटतं कुणाचं जनावर." आणि खरंच तुम्ही त्या दिवशी कितीतरी वेळ कोपरापर्यंत हात धूत राहायचात. मी घरात असायचो, मला लिंब दिसायचा नाही. पण मुठीवरचा हात ढिला पडलेला मला आवाजात कळायचा. तिला डोळ्यानं कळायचं, मला कानानं. तुम्हाला वाटायचं आपण काही दाखवत नाही.

आता मायला ऐकू येत नाही, अण्णा. यंत्र आणून दिलंय, ते साखरेच्या डब्यावर ठेवलेलं असतं. म्हणते, "त्यात नुसता वारा ऐकू येतोय, वारा काय मी बघितला न्हाय व्हय?" वस्तीवर एकटीच राहते. मागच्या उन्हाळ्यात अंगणात पाय घसरून पडली, हाताला प्लास्टर झालं. तेव्हापासून मी तिच्या मागं लागलोय, कळंबला चल. तुमच्या सुनेनं खालची खोली रिकामी केली, देवासाठी फळीसुद्धा ठोकून घेतली. मायचं दर वेळी नवं काहीतरी. आधी म्हैस विल्याशिवाय नको, मग तुरी झोडपल्याशिवाय नको. मी म्हटलं, शेवटचं काय ते सांग. तेव्हा तिनं गोठ्याकडं बोट केलं. "त्यांची गाडी एकदा संध्याकाळची घरी येऊ दे. बघते, आन् मग येते."

मी हसलो. मग बघितलं तर ती हसत नव्हती.

गाडी टेम्पोतून कळंबला आणली, इंजिन उघडलं, बसवलं. वायरिंगला मात्र मी माझी हुशारी लावली. सगळं जुनं उपसलं आणि नवी बॅटरी, तिला चार्जिंग, रेग्युलेटर, रिले, पांढरा एलईडी दिवा, डूममध्ये बोट शिरायला जागा नाही इतकं भरलं. तो दिवा लावून संध्याकाळी गाडीवरून वस्तीवर गेलो तेव्हा लिंब, बांध, पलीकडची ज्वारी, सगळं लख्ख. एखाद्या ऑपरेशनच्या खोलीसारखं. माय अंगणात खांबाला धरून उभी. मी गाडी बंद करून जवळ गेलो. ती म्हणाली, "उजेड झ्याक हाय."

तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "मग? चलायचं?"

"ह्यो उजेड कुणाचाबी असंल," ती म्हणाली. "येणारा हसत येतोय का रडत, मला त्यातनं काय बी कळंना."

दुसऱ्या दिवशी दुकानात मी माझंच काम उपसायला बसलो. आमचा जुना कारागीर चहा घेत बघत होता. म्हणाला, "शेठ, लोक नवं बसवायलेत, तुम्ही नवंच काढायलाव."

"नव्यात माझ्या मायला दिसंना झालंय," मी म्हटलं.

"मग डोळे दाखवा त्यांचे."

"डोळे शाबूत हायत. तीच तर अडचण हाय."

बॅटरी काढली. रेग्युलेटर काढला, रिले काढला. कॉइलमधून एक वायर वर आली ती सरळ बटणाला, बटणातून डिपरला, डिपरमधून बल्बाला, आणि बॉडीचा रंग पॉलिश पेपरनं खरवडून पक्की अर्थिंग. मागच्या दिव्याला एक फाटा. एवढंच. जास्त पळवली तर बल्ब उडणार, हे कबूल करूनच. डूम बंद केला तेव्हा आत हात फिरेल इतकी मोकळी जागा राहिली होती. मला वाटलं, तुम्ही कधी ती जागा बघितलीच नसणार. गाडी नवी असताना ती अशीच असेल, आणि मग तुमच्या एकेका फेरीनं ती भरत गेली असेल.

संध्याकाळी निघालो. दिवस मावळलेला, पण उजेड अजून आभाळात लोंबकळत होता. दिवा लागलाय का नाही तेच कळत नव्हतं. मग हळूहळू वाट काळी होत गेली आणि दिवा तिच्यावर उमटत गेला. मूठ पिळतोय, वाट पुढं येतेय. सोडतोय, मागं सरतेय. कापलेल्या ज्वारीचा वास, कुठंतरी पाणी सोडलेल्या वाफ्याचा गारवा, आणि त्यात मध्येच तुमच्या दवाखान्यातल्या फिनेलचा वास, तो कुठून आला ते मला विचारू नका. हँडलवर माझे हात आहेत पण धरलेत तुमच्यासारखे, कोपरं बाहेर काढून. सोनारीच्या जत्रेला मायला मागं बसवून नेलं होतंत, आणि परत येताना ती पेंगली म्हणून अख्खी वाट एका हातानं तिचा हात कमरेशी धरून गाडी चालवलीत, ते तिनं मला सांगितलं होतं. मला वाटत होतं की मागं कुणीतरी पेंगतंय, आणि वळून बघायचं नाही.

इंजिनकडं माझे कान होतेच. ते कुठंही अडखळत नव्हतं. वळण आलं, लिंब आला, आणि माझ्या मनात आलं की आता माय कळंबला येईल. खालच्या खोलीत राहील. तिथं खिडकीतून समोरच्या दुकानाचं शटर दिसतं. आणि ह्या घराला कुलूप लागेल. मग मी ह्या वाटेनं आलो काय, न आलो काय, लिंबावरचा उजेड बघायला अंगणात कुणी नसेल.

दिवा बुंध्यावर तांबडा पडला. जरा तिथंच राहिला.

अंगणात पोचलो तर माय पुढं आली. गाडीच्या दिव्याच्या काचेवर तिनं तळवा ठेवला, चटका बसला तशी काढून घेतला आणि पदराला पुसला. मग म्हणाली, "लिंबापाशी काय झालं रं?"

मी तिच्या कानाशी वाकलो. "इंजिन मिसिंग करायलंय, माय. मधीच अडखळायलंय."

"व्हय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तुम्ही हात धूत असताना तुमच्याकडं बघायची तसं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मग आसल्या गाडीचा काय भरवसा. नीट कर आधी. नीट झाली की जाऊ." आणि आत गेली.

तेव्हापासून दुकान माणसांवर सोपवून मी रोज संध्याकाळी गाडीची चाचणी घ्यायला वस्तीवर येतो. रात्री ओसरीवर झोपतो, सकाळी कळंबला जातो. माय हातानं मूठ पिळल्यासारखं करून विचारते, झालं का? मी मान हलवतो. "अजून न्हाय." ती "बरं" म्हणते. माझं अंथरूण तिनं हे विचारायच्या आधीच घालून ठेवलेलं असतं. तुमची सून एकदा म्हणाली, मला तर आवाज चांगला वाटतोय. मी तिला म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही.

अण्णा, इंजिन एका किकमध्ये चालू होतं. त्या संध्याकाळीही ते तुमच्या वेळेपेक्षा स्वच्छ वाजत होतं. मायला ऐकू येत नाही, म्हणून माझं निभावलं.