आपण कुठल्या रंगात?

सोमवार, ४ जून

साहेबांनी आज आख्खी आफ्रिका माझ्या टेबलावर आणून टाकली! शाळेच्या नव्या अ‍ॅटलासची दोन पानं – खंडाच्या वाटणीआधीचं आणि नंतरचं. "सरहद्दी सरळ आहेत हो, तुमच्या डाव्या हातचा मळ." सरळ असणारच! बर्लिनला चौदा देशांनी वाटणीचे नियम ठरवले, तेव्हा आफ्रिकेतलं एकही माणूस टेबलाशी नव्हतं. मग पट्टी धरायला अडचण कसली?

घरीही बैठक. हे जाऊन दोन वर्षं झाली, आता ह्यांच्या पाठच्या दोन्ही भावांना घर वाटून हवंय. पुढच्या खोलीत दार लोटून बसले होते. मला आत बोलावलं ते चहा घेऊन. कप ठेवले, बाहेर आले.

बुधवार, ६ जून

जुन्या नकाशात खंडाचा मधला भाग कोरा. कोरा म्हणजे रिकामा नव्हे, काढणाऱ्याला ठाऊक नव्हता एवढंच. तिथे माणसं नांदत होती, भांडत होती, बाजार भरवत होती. दिवसभर चिडचिड झाली.

गुरुवार, ७ जून

गांबिया रंगवला. नदी आणि तिचे काठ एकाचे, भोवतालचं सगळं दुसऱ्याचं. डोकं बघा लोकांचं!

संध्याकाळी मधले भाऊजी म्हणाले, "वहिनी, वाटणीचा नकाशा तुम्हीच काढा. घरात आरेखक असताना बाहेरचा कशाला?" जिन्याची बाजू त्यांना, नळाची धाकट्यांना.

"आणि माझी मागची खोली?"

"ती कोरी ठेवा. नंतर बघू."

धाकटे हसले, "तुम्ही काय परक्या आहात का!"

परकी असते तर निदान विचारलं तरी असतं. नाही म्हणावं तर दुसऱ्याकडून काढून घेतील, हो म्हणावं तर स्वतःच्याच हाताने स्वतःला पुसायचं. इकडे आड, तिकडे विहीर. माहेरी आता कुलूप आहे. पोरीला घेऊन जाऊ कुठे?

शनिवार, ९ जून

कच्चा नकाशा पसरला होता. मधल्यांचा गुलाबी, धाकट्यांचा हिरवा. लेक ओणवी होऊन बघत होती.

"आई, आपण कुठल्या रंगात?"

तिच्यावरच खेकसले. उगाच! मग दोघी रडलो.

रविवार, १० जून

कपडे धुतले. जीव गुदमरतो या घरात.

सोमवार, ११ जून

साहेब म्हणाले, "सूची नीट लिहा. लोक रंग बघतात, कुठला रंग कोणाचा ते कोपऱ्यात वाचायला कोणी जात नाही."

त्या खंडातल्या कितीतरी राजांनी परक्या भाषेतल्या करारांवर खुणा केल्या. त्यांना बिचाऱ्यांना वाचता येत नव्हतं.

गुरुवार, १४ जून

वकिलांकडे वाटणीच्या नकाशावर सह्या झाल्या. ते सूची वाचून दाखवू लागले, तर मधले भाऊजी म्हणाले, "वाचायचं काय त्यात? आमच्या वहिनीनेच काढलाय!" एकाने गुलाबी तपासला, एकाने हिरवा. "मान्य?" – "मान्य!" दोघांनी सही ठोकली. तिसरी माझी. मग वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

सूचीतली शेवटची ओळ माझ्या सगळ्यात सुवाच्य अक्षरात आहे – पिवळा: थोरल्या भावाची पत्नी व मुलगी यांची मागची खोली; जिना व नळ वापरण्याचा हक्क कायम.

घरी येऊन लेकीला सांगितलं, पिवळ्या रंगात.