रंगवलेले केस

प्रिय चष्मेबहाद्दर,

डोळ्यांवरची सूज उतरली का? तुझ्या बहिणीला फोन केला होता. त्या म्हणाल्या, पापण्या उघडतात आता, पण स्वारी आरशासमोर जात नाही. केसांना लावलेला तो काळा रंग तुला बाधला, आणि तो लावायला मीच तुला भाग पाडलं, तोंडाने एक शब्दही न बोलता.

माझ्या चष्म्याची तुटलेली काडी बसवून तू तो द्यायला प्रयोगशाळेत आलास. खिडकीवरच्या ताईंनी तुला "काका, बसा ना" म्हटलं आणि मला विचारलं, "बाबा का गं तुझे?" रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत, मान वर न करता मी 'हो' म्हणाले. तू ऐकलंस. तरी हसून ताईंना म्हणालास, "पोरीला वेळेवर जेवायला सोडत जा हो." आणि मी चक्क सुटकेचा निःश्वास सोडला! पुढच्या आठवड्यात तू काळेभोर केस घेऊन समोर उभा राहिलास, तर म्हणाले, छान दिसतोस.

घरातली पहिली पदवीधर मी. वयातलं अंतर लपवायचं नाही, निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे, असं बागेतल्या बाकावर तुला तासभर ऐकवणारीही मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

काल ताईंना खरं सांगितलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, आधी नाही का सांगायचंस? मी काका म्हणून बसले ना त्यांना!" मग घरीही सांगितलं. आई अजून भांडी आपटते आहे. बाबांनी आधी तुझं वय विचारलं. मग म्हणाले, "माझ्याहून आठच वर्षांनी लहान. त्याला जावई म्हणू, की पत्ते खेळायला बोलावू?" टोमणाच होता, पण 'नाही' म्हणाले नाहीत.

हे सगळं माफीसाठी लिहीत नाही. माफी तर तू केव्हाच देऊन टाकलीस. तुझ्या बहिणीकडून तुझा निरोप मिळाला, "लहान आहे ती, चालायचंच." तो मला फार लागला. चूक सत्तावीस वर्षांच्या बाईने केली आहे. तू ती अशी मोठेपणाने पोटात घालत राहिलास, तर त्या खिडकीवर मी खोटं बोललेच नाही असं होईल. उद्या तुझ्या चष्म्याच्या दुकानात येते आहे. मला माफ करू नकोस. आधी माझ्याशी भांड.

तुझीच,
मास्तरीणबाई